शिनाणे, चीज आणि सासूबाईंची शंका

“मासे आणि दूध एकत्र? अगं, अंगावर कोड उठेल!” चीजच्या सॉसमधले शिनाणे करायचे म्हटले की दहापैकी आठ घरांत हेच ऐकू येईल. मैत्रिणींनो, सासूबाईंना हसू नका. मासे आणि दूध हा विरुद्ध आहार असल्याचे चरकसंहितेतच सांगितले आहे, तेव्हा ही शंका काही त्यांच्या मनची नाही. पण कोडाचे म्हणाल, तर त्वचेतल्या रंग देणाऱ्या पेशी नाहीशा झाल्या की ते येते, आणि बहुधा शरीराची प्रतिकारशक्तीच त्या पेशींवर उलटलेली असते. माशावर दूध घेतल्याने कोड होते असे आजच्या वैद्यकाला आढळलेले नाही. फ्रान्समध्ये तर शिनाणे आणि साय ही जोडी घरोघरची आहे.

मग भ्यायचे कशाला? मेलेल्या शिनाण्याला! दुधाची चर्चा आपण तासभर करतो आणि पिशवीतल्या मालाकडे मात्र बघत नाही.

शिनाणे म्हणजे समुद्रातल्या खडकांना चिकटून राहणारे, लांबट, हिरवट-काळ्या कवचाचे शिंपले. गोव्यात ते रवा लावून तळतात, केरळात त्यांत तांदळाचे सारण भरतात. आपल्या नाशकात ते क्वचितच दिसतात, तिसऱ्या त्या मानाने लवकर मिळतात. समुद्र इथून दीडशे किलोमीटरच्या पुढे, मधे कसारा घाट. तेव्हा माल निघाला कधी आणि बर्फात होता की नाही, हे मासेवालीला विचारायला लाजू नका. साडी घेताना आपण पदर दहादा उलटून बघतोच ना?

जिवंत शिनाण्याचे कवच घट्ट मिटलेले असते. थोडे उघडे असेल तर ओट्यावर हलकेच आपटा. जिवंत असेल तर ते हळूहळू मिटते. मिटले नाही, तर टाकून द्या. फुटलेले टाका, वास मारणारे टाका. किलोतले पाव किलो गेले तरी जीव हळहळू देऊ नका, डॉक्टरचे बिल त्याहून मोठे येते.

घरी आणल्यावर पाण्यात बुडवून ठेवू नका. हा खाऱ्या पाण्याचा जीव, गोड्या पाण्यात मरतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडूनही ठेवू नका. ओल्या फडक्याखाली फ्रिजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी करा. करायच्या आधी नळाखाली ब्रशने घासा, आणि फटीतून काथ्यासारखा झुपका बाहेर आलेला असतो तो ओढून काढा.

चार माणसांना कवचासकट एक किलो शिनाणे पुरतात. पातेल्यात अर्धी वाटी पाणी, एक चिरलेला कांदा आणि चार-पाच ठेचलेल्या लसणीच्या पाकळ्या घाला. उकळी फुटली की शिनाणे घालून झाकण ठेवा आणि आच मोठी करा. कवचे उघडली तरी आणखी तीन-चार मिनिटे वाफ येऊ द्या. हॉटेलवाले इतका वेळ देत नाहीत, कारण मांस जरा चिवट होते. होऊ द्या. समुद्रकाठापासून इतक्या लांब आपण चिवटच बरे. इतके करूनही जे उघडले नाही, ते सुरीने उघडायच्या भानगडीत पडू नका, सरळ टाका.

खाली उरलेले पाणी म्हणजे या पदार्थाचा जीव. ते पंचाच्या तुकड्यातून गाळून घ्या, रेती खाली राहील. (फ्रान्समध्ये पाण्याऐवजी पांढरी वाइन घालतात. द्राक्षांच्या गावात ती मिळणे अवघड नाही, पण तिच्यावाचून काही अडत नाही.)

आता सॉस. दोन मोठे चमचे लोण्यावर दोन मोठे चमचे मैदा मंद आचेवर परता. रंग बदलू द्यायचा नाही, फक्त कच्चा वास जाऊ द्या. त्यात दीड वाटी दूध थोडे थोडे घालत गुठळ्या मोडा, मग गाळलेले पाणी अर्धी वाटी. दाट झाले की गॅस बंद करा आणि मगच अर्धी वाटी किसलेले चीज घाला. चीज घालून सॉस उकळत ठेवला तर तो तेलकट होऊन फाटतो. साधे अमूलचे चीज उत्तम. ते खारट, शिनाण्यांचे पाणीही खारट, म्हणून मिठाला हात लावण्याआधी चव बघा. मिरपूड आणि किंचित जायफळ पुरे. लिंबू सॉसमध्ये पिळू नका, दूध नासेल. ज्याला हवे त्याने पानात पिळावे. कवचाचा वरचा अर्धा भाग काढून खालच्या भागातल्या मांसावर सॉस घाला आणि बेकरीतल्या गरम पावाबरोबर वाढा. याच रीतीने तिसऱ्याही होतात, फक्त रेती जास्त असते.

एक गोष्ट मात्र शिजवूनही टळत नाही. शिनाणे समुद्राचे पाणी गाळून त्यातले सूक्ष्म शेवाळ खातात. कधी कधी ते शेवाळच विषारी असते, आणि ते विष उकळीने मरत नाही. 1997 साली केरळात विळिंजमला असे शिनाणे खाऊन माणसे दगावली होती. म्हणून माल कुठला हे ठाऊक असलेल्या माणसाकडूनच घ्या. खाल्ल्यावर ओठ-जिभेला मुंग्या आल्या, बधिर वाटले, तर लिंबूपाणी देत घरी बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

घरात कुणाला कोळंबी किंवा खेकडा बाधत असेल, तर त्याला हे देऊ नका. गर्भारशीला आणि अगदी लहान मुलांना तर मी मुळीच वाढणार नाही. आणि सासूबाईंना दुधाचे पटत नसेल, तर त्यांच्यासाठी चार शिनाणे सॉस करण्याआधीच बाजूला काढा आणि मीठ, हळद, तिखट, रवा लावून तव्यावर परता. त्यांचा नियम राहील आणि जेवणही एकत्र होईल.

उरलेसुरले दुसऱ्या दिवशी डब्यात देऊ नका. रिकामी कवचे त्याच रात्री कागदात गुंडाळून बाहेर टाका, नाहीतर सकाळी मांजरांची सभा तुमच्या दारात भरेल.