विश्लेषण : मातीच्या प्राण्यांवर जिवंत शेवाळ कसे रुजते? ताक फासण्याचा उपाय का फसतो?

पाठीवर हिरवी मखमल पांघरलेले मातीचे कासव, शेवाळाची आयाळ असलेला सिंह, अंगभर हिरवळ आलेला बेडूक... पावसाळा लागला की मोबाइलवर असे व्हिडीओ फिरू लागतात. त्यात सांगितलेली कृती अगदी सोपी असते. शेवाळ ताकात घालून मिक्सरमधून फिरवा, मूर्तीवर फासा आणि वाट बघा. वाट बघणाऱ्यांच्या हाती बहुतेक वेळा पांढरी बुरशी आणि आंबूस वास येतो. मग दोष शेवाळाला दिला जातो.

शेवाळ म्हणजे नेमके काय?

मराठीत आपण दोन वेगळ्या गोष्टींना शेवाळ म्हणतो. ओल्या फरशीवरचा, पाय घसरवणारा हिरवा थर म्हणजे शैवाल. कंपाउंडच्या भिंतीवर, कौलांवर, कुंडीच्या कडेला दिसणारी मखमली गादी म्हणजे मॉस. आपला विषय ही गादी. जगात तिच्या सुमारे १२ हजार जाती आहेत. अकरावीच्या पुस्तकातला फ्युनारिया त्यातलाच.

मॉसला खरी मुळे नसतात. खालचे बारीक तंतू फक्त पृष्ठभाग धरून ठेवतात. पाने बहुधा एकाच पेशीच्या जाडीची असतात आणि पाणी, क्षार थेट त्यांतूनच आत जातात. त्यामुळे खत घालून उपयोग नाही. मूर्तीचा पृष्ठभाग किती वेळ ओला राहतो, यावर सगळे ठरते.

दिवाळीतल्या किल्ल्यावर हळीव पेरणाऱ्यांना इथे फरक जाणवेल. हळिवाच्या बीमध्ये शिदोरी भरलेली असते, म्हणून ते चार दिवसांत हिरवे होते आणि पुढे लवकरच माना टाकते. मॉसला बीच नसते. ते बीजाणूंपासून किंवा तुटलेल्या तुकड्यांपासून वाढते आणि सावकाश वाढते. पण एकदा बसले की वर्षानुवर्षे टिकते.

मग ताकाचे काय?

ही कल्पना अगदीच हवेतली नाही. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये हेलिगनच्या बागेत 'मड मेड' नावाची झोपलेल्या स्त्रीची मोठी मृत्तिकाकृती आहे. स्यू आणि पीट हिल या बहीण-भावाने ती १९९७ मध्ये घडवली. दगडफूल धरावे म्हणून तिच्या चेहऱ्यावर तेव्हा दही फासले होते. आज ती मॉस आणि वेलींनी झाकलेली असते, ऋतूप्रमाणे तिचे रूप बदलते. मात्र याचे श्रेय दह्यापेक्षा कॉर्नवॉलच्या दमट हवेला आणि झाडांच्या सावलीला द्यायला हवे. आपल्याकडच्या उबेत दुधातली प्रथिने आणि साखर आधी बुरशीच्या पोटात जातात. मिक्सरमध्ये बारीक वाटलेल्या मॉसचा लगदा तोवर कुजू लागतो.

कोणती माती चालते?

इथेच बहुतेकांचे चुकते. शाडूची न भाजलेली मूर्ती रोजच्या पाण्याने विरघळेल. पॉलिमर क्ले म्हणजे प्लास्टिक. ते पाणी धरत नाही. चकाकी दिलेल्या सिरॅमिकवरून थेंब ओघळून जातात. हवी ती कुंभाराच्या भट्टीत भाजलेली, रंग-वॉर्निश नसलेली लाल माती. माती साधारण ५०० ते ६०० अंशांच्या पुढे तापली की पुन्हा चिखल होत नाही, पण फार कडक भाजली नसेल तर सच्छिद्र राहते. माठ याच छिद्रांतून पाझरतो.

हा माठाचा गुण प्राण्यालाच द्यावा. शरीर पोकळ करा, भिंत जेमतेम बोटभर जाड ठेवा आणि पाठीला एक भोक ठेवा. भोक नसेल तर भाजताना आतल्या वाफेने मूर्ती फुटू शकते. पुढे त्याच भोकातून पाणी भरायचे, म्हणजे अंग आतून ओलसर राहते. अमेरिकेत १९८२ पासून गाजलेला 'चिया पेट'चा मातीचा मेंढा याच तत्त्वावर चालतो, फक्त त्यावर चियाचे बी उगवते. पोकळीत कोकोपीट भरा किंवा भोक बुचाने बंद ठेवा. साचलेल्या उघड्या पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात.

ज्या भागावर हिरवळ हवी तिथे माती ओली असतानाच काट्याने ओरखडे काढा. डोळे, तोंड, पंजे गुळगुळीत सोडा. सगळे अंग झाकले तर प्राणी ओळखू येत नाही, नुसता हिरवा गोळा दिसतो.

लावायचे कसे?

मूर्ती रात्रभर पाण्यात भिजवा. मॉस धुऊन, माती झटकून नखाएवढे तुकडे करा. ओरखड्यांवर पातळ चिखल लावून तुकडे दाबून बसवा आणि वरून सुती दोरा गुंडाळा. फेविकॉल नको. मूर्ती पारदर्शक डब्यात, उजेडात पण उन्हापासून दूर ठेवा. झाकण रोज थोडा वेळ उघडा. धरायला काही आठवडे, कधी महिने लागतात. बोअरच्या जड पाण्याने पानांवर पांढरे क्षार साचतात, म्हणून फवारणीला पावसाचे पाणी साठवून ठेवलेले उत्तम.

कोकणात किंवा घाटमाथ्यावर जूनमध्ये लावलेले मॉस उघड्यावर तग धरते. मराठवाडा-विदर्भात मात्र काचेच्या बरणीशिवाय भागणार नाही.

मॉस आणायचे कुठून?

आपल्याच इमारतीच्या भिंतीवरून, गच्चीच्या कठड्यावरून, जुन्या कुंडीवरून. ते ऊन आणि धूळ सोसलेले असते, त्यामुळे टिकण्याची शक्यताही जास्त. ट्रेकला गेल्यावर कातळावरची गादी सोलून आणण्याचा मोह अनेकांना होतो. भारतीय वन अधिनियम, १९२७ मधील वनोपजाच्या व्याख्येत जंगलातल्या मॉसचा नावानिशी उल्लेख आहे आणि राखीव वनातून वनोपज नेणे गुन्हा ठरतो. कायदा बाजूला ठेवला तरी, सोललेला कातळ पुन्हा हिरवा व्हायला वर्षे जातात. शिवाय पावसाच्या जंगलातले मॉस दिवाणखान्यात सहसा जगतच नाही.

विकतच्या मॉसबाबतही सावध राहा. ऑर्किडसाठी मिळणारे वाळके स्फॅग्नम सहसा मेलेले असते, आणि शोभेच्या भिंतींवरचे 'प्रिझर्व्ह्ड' मॉस रसायनात टिकवून रंगवलेले असते. दोन्ही वाढत नाहीत.

मार्चमध्ये तपकिरी पडले तर?

घाबरून फेकू नका. भिंतीवरच्या जाती वाळून महिनोन्‌महिने निपचित राहतात आणि पाणी मिळताच काही मिनिटांत हिरव्या होतात. मात्र रोज चिमूटभर पाणी मारून लगेच वाळू देणे वाईट. प्रत्येक वेळी जागे होताना मॉस साठवलेली ऊर्जा पेशींच्या डागडुजीवर खर्च करते, आणि अन्न तयार करण्याआधीच पुन्हा सुकते. उन्हाळ्यात एकतर डब्यात ओलसर ठेवा, नाहीतर सावलीत पूर्ण कोरडे राहू द्या आणि पहिल्या पावसात मूर्ती बाहेर काढा.