फायनान्शियल एड ऑफिसरची सर्टिफिकेट्स: पालकांनी काय ओळखावे?



मूल हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला पोचले की आपली गाठ पडते ती फाफ्साच्या फॉर्मशी आणि कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसशी. तिथल्या काही जणांच्या नावापुढे सर्टिफिकेटची अक्षरे दिसतात. मग प्रश्न येतो, हे सीपीएसारखे लायसन्स असते का?

तसे ते नसते. सरकारी मदत वाटणाऱ्या प्रत्येक कॉलेजने त्या कामासाठी 'सक्षम' व्यक्ती नेमली पाहिजे, एवढे फेडरल नियम सांगतात. एखाद्या राज्याने सर्टिफिकेट सक्तीचे केले असेल तर ते पाहिले जाते. शिवाय त्या माणसाचा अनुभव आणि प्रशिक्षणही विचारात घेतले जाते. म्हणजे सर्टिफिकेट नसलेला ऑफिसर अडाणी असतो असे मुळीच नाही. वीस वर्षे हेच काम केलेल्या बाईंना सगळे नियम तोंडपाठ असतात.

मग सर्टिफिकेट देते कोण? या लोकांची एक राष्ट्रीय संघटना आहे, नॅशनल असोसिएशन ऑफ स्टुडंट फायनान्शियल एड अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स, बोलीभाषेत 'नॅस्फा'. स्थापना १९६६ ची, म्हणजे ज्या कायद्यावर ही सगळी मदत उभी आहे त्या १९६५ च्या हायर एज्युकेशन अ‍ॅक्टच्या दुसऱ्याच वर्षी. नॅस्फा एकेका विषयाची परीक्षा घेऊन त्या विषयाचे प्रमाणपत्र देते: पेल ग्रँट, डायरेक्ट लोन, व्हेरिफिकेशन, अभ्यासातली प्रगती, मधेच कॉलेज सोडल्यास पैसे परत करण्याचे गणित, वगैरे. त्याच्या वरची पायरी म्हणजे 'सर्टिफाइड फायनान्शियल एड अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'. त्यासाठी अनुभव, परीक्षा आणि आचारसंहिता, तिन्ही लागतात.

ही प्रमाणपत्रे मुख्यतः कॉलेजांत हे काम करणाऱ्यांसाठी आहेत. "आम्ही तुम्हाला जास्त एड मिळवून देतो" म्हणणाऱ्या खाजगी सल्लागाराच्या कार्डावर काहीही छापलेले असो, कॉलेजचा निर्णय त्याच्या हातात नसतो. फाफ्सा भरायला पैसे पडत नाहीत आणि एड ऑफिसमधला सल्लाही फुकट असतो. ज्या भगिनींना या क्षेत्रात नोकरी करायची आहे त्यांनीही आधी पदरचे पैसे घालून कोर्स करण्याची घाई करू नये. कॉलेजात शिरकाव झाल्यावर प्रशिक्षणाचा खर्च अनेक ठिकाणी कॉलेजच करते.

या सगळ्या विषयांत आपल्या घरांना सर्वांत उपयोगाचा विषय म्हणजे 'प्रोफेशनल जजमेंट'. फाफ्सा दोन वर्षांपूर्वीचे उत्पन्न पाहतो. २०२६-२७ च्या फॉर्मवर २०२४ चा टॅक्स रिटर्न. २०२४ मध्ये दोघांचेही पगार आयटीतले होते आणि २०२५ मध्ये एकाचा ले-ऑफ झाला, तर फॉर्मला त्याचा पत्ताच नसतो! अशा वेळी ऑफिसर कागदपत्रे पाहून त्या विद्यार्थ्यापुरते उत्पन्नाचे आकडे बदलू शकतो. नोकरी जाणे, विम्यात न बसलेला औषधोपचाराचा खर्च, अपंगत्व ही कायद्यातच दिलेली उदाहरणे आहेत. २०२० च्या फाफ्सा सिम्प्लिफिकेशन अ‍ॅक्टनंतर "आम्ही अशा विनंत्या घेतच नाही" असे धोरण कॉलेजला ठेवता येत नाही.

भारतातल्या आईवडिलांच्या उपचारांचा खर्च आपण करत असाल, तर फॉर्मवर त्याला जागा नाही. तो ऑफिसरपुढे मांडून पाहता येतो. बिले इंग्रजीत नसतील तर भाषांतर जोडावे आणि रुपयांचे डॉलर करून द्यावेत. सुट्टीच्या प्रवासाचा खर्च, धार्मिक देणगी, क्रेडिट कार्डाचे हप्ते मात्र चालत नाहीत, तेव्हा डिसेंबरच्या मुंबईच्या तिकिटांची पावती जोडू नये!

ऑफिसरच्या अधिकारालाही मर्यादा आहेत. हिशोबाचे सूत्र तो बदलू शकत नाही आणि इमिग्रेशनची अटही शिथिल करू शकत नाही. एच-४ वर असलेल्या मुलाला फेडरल मदत मिळत नाही, ऑफिसर कितीही सर्टिफाइड असला तरी. त्यांच्यासाठी कॉलेजच्या स्वतःच्या निधीची चौकशी वेगळी करावी.

फोन करताना "प्रोफेशनल जजमेंटची विनंती कोण हाताळतं?" असे थेट विचारावे. त्या विषयाचे प्रमाणपत्र घेतलेली व्यक्ती ऑफिसात असेल तर उत्तमच. आधी फाफ्सा भरलेला असला पाहिजे, त्याशिवाय ऑफिसरला बदलायला काही नसते. ले-ऑफचे पत्र, शेवटची पे-स्लिप, बेकारी भत्त्याचे कागद तयार ठेवावेत. कॉलेजचा निर्णय अंतिम असतो, त्यावर शिक्षण खात्याकडे दाद मागता येत नाही. परंतु प्रत्येक कॉलेज आपापला निर्णय घेते, म्हणून मुलाने पाच ठिकाणी अर्ज केला असेल तर विनंतीही पाचही ठिकाणी करावी.