लंडनची रक्तपेटी

लंडन : विलायतेतील प्रत्येक रुग्णवाहिकेत रक्ताच्या पिशव्या सज्ज असतात, हा महाराष्ट्रात आढळणारा समज खरा नाही. येथील सरकारी आरोग्यसेवेच्या नेहमीच्या रुग्णवाहिकेत रक्त नसते; ते असते प्रामुख्याने डॉक्टर सोबत असलेल्या हवाई पथकांकडे, आणि ही पथके बहुतांशी लोकांच्या देणग्यांवर चालतात, ही गोष्ट इतक्या संपन्न राज्याला शोभणारी नाही. ‘लंडन्स एअर ॲम्ब्युलन्स’ या धर्मादाय संस्थेने २०१२ साली अपघातस्थळीच रक्त चढवण्यास आरंभ केला. त्यातून किती जीव वाचतात हे ठरवणे सोपे नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत सलाइनच्या तुलनेत रक्ताचा निर्विवाद लाभ दिसला नाही.

हेवा वाटावा तो हेलिकॉप्टरचा नव्हे, पेटीचा. तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सिअसमध्येच ठेवाव्या लागतात, कारण उष्णतेत चुकून शिरलेले जिवाणू झपाट्याने वाढतात, आणि पिशवी गोठली तर पेशी फुटून आतील हिमोग्लोबिन व पोटॅशियम बाहेर येतात, ज्यामुळे असे रक्त रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून पेटीत साधा बर्फ नसतो. ठरावीक तापमानाला वितळून तेच तापमान टिकवून धरणाऱ्या पदार्थाच्या पट्ट्या असतात. न वापरलेली पिशवी मुदतीत परत येते आणि थंडावा अखंड राहिल्याचे सिद्ध झाले तरच दुसऱ्या रुग्णाच्या कामी येते. कोणती पिशवी कोणाला चढवली, ही नोंद कायद्याने ३० वर्षे जपावी लागते.

२ ते ६ अंशांचा नियम भारतातही आहे, आणि चांगल्या रक्तपेढीत तो दारापर्यंत कसोशीने पाळला जातो. दाराबाहेर मात्र चिठ्ठी घेऊन धावणारा नातेवाईक असतो, हातात थर्मोकोलचा डबा किंवा नुसती कॅरीबॅग असते, वर मे महिन्याचे ऊन असते. बर्फाला टेकवलेली पिशवी अधिक सुरक्षित, असे त्या बिचाऱ्याला वाटते आणि ते चूक आहे हे त्याला कोणी सांगत नाही. शीतपेटीतून मोटारसायकलने रक्त पोहोचवणारी ‘जीवन अमृत’ योजना महाराष्ट्राने २०१४ सालीच सुरू केली होती; ती बंद पडू देणे अक्षम्य होते. त्याच वर्षी आलेल्या १०८ रुग्णवाहिकेत तर डॉक्टरही असतो, जो लंडनच्या साध्या रुग्णवाहिकेत नसतो. माणूस आहे, नियम आहे. रक्तपेढी ते खाट या वाटेवर तापमान नोंदवणारी पेटी तेवढी नाही.