अपघाताचा दावा : दम कुठे धरायचा, घाई कुठे करायची

जिल्हा न्यायालयात मोटार अपघाताच्या दाव्यांची तारीख असली की व्हरांड्यात कुबड्या घेतलेली, पाय ओढत चालणारी चार माणसं दिसतातच. सोबत आलेला मेव्हणा किंवा शेजारी एक वाक्य हमखास ऐकवतो : "धीर धरा, कोर्टाचं काम आहे." सल्ला खरा, पण अर्धा. या दाव्यात काही ठिकाणी थांबणं फायद्याचं असतं आणि काही ठिकाणी सरळ नुकसानीचं. आपल्याकडे होतं नेमकं उलटं. जिथे धावपळ करायला हवी तिथे माणसं निवांत राहतात, आणि जिथे दम धरायचा तिथे मिळेल त्या रकमेवर सही करून मोकळी होतात.

"पोलीस केस झालीये, म्हणजे दावा लागलाच."

नाही. पोलीस केस म्हणजे सरकार विरुद्ध चालक. त्यात शिक्षा होते, जखमीच्या उपचारांची आणि बुडालेल्या कमाईची भरपाई ठरत नाही. त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे स्वतंत्र अर्ज लागतो. २०१९ साली मोटार वाहन कायदा बदलला आणि १ एप्रिल २०२२ पासून हा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करण्याची अट आली. १९९४ च्या दुरुस्तीनंतर अशी मुदतच नव्हती. त्यामुळे गावातला जाणता माणूस आजही छातीठोकपणे सांगतो, "दोन वर्षांनी टाकला तरी चालतो." त्याची माहिती जुनी झाली. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, पण त्या भरवशावर स्वतःचा दावा लांबवणं शहाणपणाचं नाही.

नव्या नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांत अपघाताचा पहिला अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो, आणि तो अहवालच अर्ज म्हणून धरता येतो. कागदावर ही सोय छान आहे. तरी अहवाल गेला का, त्यात आपलं नाव, इजा आणि गाडीचा विमा नीट नोंदलाय का, याची चौकशी स्वतः करावी. अपघात खोपोलीजवळ झाला आणि घर लातूरला असेल, तर प्रत्येक तारखेला कोकणात उतरायचीही गरज नाही. राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणात दावा दाखल करता येतो.

"चालक निर्दोष सुटला, आता काय मिळणार?"

मिळू शकतं. फौजदारी खटल्यात गुन्हा संशयापलीकडे शाबीत व्हावा लागतो. इथे चालकाच्या निष्काळजीपणाची शक्यता जास्त दिसली तरी पुरतं.

"दाखला २० टक्क्यांचा, म्हणजे भरपाईही २० टक्क्यांची."

सर्वात महागात पडणारा गैरसमज हाच. डॉक्टर दाखल्यावर लिहितात ते शरीराचं अपंगत्व. न्यायाधिकरण बघतं ते कमाईवर झालेला परिणाम. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक उलगडून सांगितला. डावा हात गमावलेल्या चालकाची किंवा सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण बुडू शकते, तर तशाच कारकुनाची नोकरी टिकू शकते.

हिशेबच मांडून पाहू. समजा, प्लंबिंगची कामं करणारा ३४ वर्षांचा माणूस महिना १८,००० रुपये मिळवत होता. वर्षाचे २,१६,००० झाले. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढे वाढू शकणाऱ्या कमाईपोटी त्यात ४० टक्के मिळवायचे : ३,०२,४००. या वयाचा गुणक १६. हे गुणक २००९ च्या सरला वर्मा प्रकरणातल्या तक्त्यातून येतात. कमाईची हानी २० टक्के धरली तर रक्कम होते ९,६७,६८० रुपये. गुडघा वाकत नाही, उकिडवं बसता येत नाही, शिडी चढता येत नाही, म्हणजे त्याचं निम्मं काम गेलं, हे पुराव्याने दाखवून ४० टक्के मान्य झाले तर तीच रक्कम १९,३५,३६०. दवाखान्याचा खर्च आणि वेदनांची भरपाई याहून वेगळी.

तो गुडघा पुढे किती वाकेल, हे मात्र अपघातानंतर तिसऱ्या महिन्यात कोणीच सांगू शकत नाही. हाड जुळायला वेळ लागतो, कधी ते जुळतच नाही आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. आत बसवलेला रॉड काढायचा झाला तर बहुधा वर्ष-दीड वर्षाने. कायमच्या अपंगत्वाचा आकडा उपचार स्थिरावल्यावरच खरा ठरतो. म्हणून अर्ज लवकर करायचा आणि रकमेचा सौदा उशिरा.

"कंपनी देतेय ते घेऊन मोकळं व्हावं."

तडजोड वाईट नसते. विमा कंपनीने अधिकारी नेमून ३० दिवसांत देकार द्यावा, अशी तरतूद आता कायद्यातच आहे. उपचार संपलेत, कागद पुरे आहेत आणि आकडा वरच्या हिशेबाच्या जवळपास आहे, तर राष्ट्रीय लोकअदालतीत जरूर मिटवावं, वर्षं वाचतात. पण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. सही केल्यावर सहा महिन्यांनी हाडाला जंतुसंसर्ग झाला, तर तो खर्च स्वतःच्या खिशातून. तेव्हा प्लास्टर निघायच्या आधी घरी येऊन चेकची भाषा करणाऱ्या माणसाला चहा पाजावा, सही देऊ नये.

टक्क्यावर काम करून देतो म्हणणाऱ्यांचंही तेच. निकालाच्या रकमेत हिस्सा ठरवून फी घ्यायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनीच मनाई आहे, आणि हिस्सेवाल्याला तुमच्यापेक्षा जास्त घाई असते. फीची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. महिला, मुलं, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

"तारखांवर तारखा म्हणजे पैसे बुडाले."

न्यायाधिकरण मंजूर रकमेवर सरळ व्याज देऊ शकतं, तेही अर्ज केल्याच्या तारखेपासून. १० लाखांवर ७ टक्के धरले तरी चार वर्षांचे २ लाख ८० हजार होतात. घरात कमावता माणूस बसून असताना ही भरपाई तुटपुंजीच, पण उशीर कंपनीला फुकट पडत नाही.

तारखा लांबण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे दाखला देणारे डॉक्टर. त्यांना साक्षीला येऊन उलटतपासणीला तोंड द्यावं लागतं, आणि त्यांच्या शस्त्रक्रियेच्या वेळा कोर्टाच्या वेळांशी जुळत नाहीत. हा काळ कागदांसाठी वापरावा. मेडिकलच्या दुकानातल्या थर्मल कागदावरची शाई वर्षभरात उडते आणि तारखेला हातात कोरी पट्टी येते, त्यामुळे त्याच आठवड्यात झेरॉक्स काढावी. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, फिजिओथेरपीच्या पावत्या, रिक्षाभाड्याची नोंद ठेवावी. पगारपत्रक नसेल तर बँकेचं पासबुक, गिऱ्हाइकांची बिलं, ज्याच्याकडे काम केलं त्याचा जबाब, यांतलं जे हाती लागेल ते.

"चालकाकडे परवाना नव्हता, आता विमा कंपनी हात वर करणार."

करायला बघते. पण २००४ च्या स्वर्ण सिंग निकालापासून बहुतेक अशा प्रकरणांत कंपनीने आधी जखमीला पैसे द्यावेत आणि मग गाडीमालकाकडून वसूल करावेत, असा आदेश होतो.

"निकाल लागला तरी पैसे हातात येत नाहीत."

निवाड्यानंतर ३० दिवसांत रक्कम जमा करायची असते. कंपनी ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करू शकते, पण त्यासाठी आधी २५,००० रुपये किंवा निवाड्याच्या निम्मी रक्कम, यांतली जी कमी असेल ती भरावी लागते. अपील नाही, स्थगिती नाही आणि तरी पैसे आले नाहीत, तर न्यायाधिकरणाकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करायचा. तो जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली सुरू होते.