वडशाचा सूर

एखादी कला रुजण्यास मातीइतकीच पेठही लागते. अमेरिकेतील डेन्व्हर शहरात १९९० नंतरच्या दशकात काही वादकांनी जुन्या ग्रामगीतांना व चर्चमधील भजनांना पाप आणि मृत्यू यांच्या गडद छटा दिल्या. पुढे ती शैली त्या शहराच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजेच देसाईगंज, या वैनगंगेकाठच्या गावाची कथा तितकीच बोलकी आहे.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हा धानाचा आणि दाट झाडीचा मुलूख. म्हणून ती झाडीपट्टी. दंडार व खडी गंमत या येथील जुन्या लोककला. त्यांच्यावर संगीत नाटकाचे कलम झाले आणि झाडीपट्टी रंगभूमी उभी राहिली. दिवाळीनंतर धान घरात येते, मंडई भरते आणि रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. रेल्वे स्थानक व बाजारपेठ यांमुळे वडसा सर्वांनाच सोयीचे. नाटक कंपन्यांनी तेथे बस्तान बसविले आणि गावोगावची मंडळे प्रयोग ठरविण्यास तेथेच येऊ लागली.

पुण्या-मुंबईत संगीत नाटकाची सद्दी संपली, तरी येथे गाणे टिकले. त्याचे कारण व्यवहारात आहे. थंडीत, उघड्यावर रात्रभर जागणाऱ्या प्रेक्षकाला प्रत्यक्ष गाणारा नट आणि पुढ्यात बसलेले वादक हवे असतात. त्यासाठी तो खिशातले पैसे मोजतो. ही रंगभूमी अनुदानावर जगलेली नाही, तिकिटावर जगली आहे.

याच बळात तिचा धोकाही आहे. तिकीट खपते म्हणून चित्रपटगीतांवरील नाच नाटकात घुसतात आणि कथेतून उमललेले पद मागे सरते. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा साऱ्या झाडीपट्टीचा गौरव झाला. परंतु सन्मानाने नवा गायक नट घडत नाही. विद्यापीठांनी नोंदी ठेवाव्यात हे योग्यच. मात्र खरा निर्णय नाटक ठरविणाऱ्या मंडळाच्या हाती असतो. शिक्षक, कारकून व विद्यार्थी यांचा गावात शब्द चालतो. कंपनीशी बोलणी करताना नाचांची संख्या विचारण्याऐवजी नाटकात पदे किती आणि ती गाणार कोण, एवढे त्यांनी विचारले, तरी वडशाचा सूर पुढच्या पिढीला ऐकू येईल.