माजावर न येणाऱ्या म्हशीस प्रोजेस्टेरॉन देताना

व्याल्यावर तीन-चार महिने उलटूनही म्हैस माजावर न आल्यास प्रोजेस्टेरॉनयुक्त साधन योनिमार्गात बसवून ऋतुचक्र सुरू करता येते. ते ७ ते ९ दिवसांनी काढल्यावर बहुधा २-३ दिवसांत माज दिसतो व कृत्रिम रेतन करता येते. मात्र खारघर-पनवेल परिसरातील पशुपालकांनी हा उपचार स्वतः करू नये. म्हैस गाभण नाही व गर्भाशय निरोगी आहे, याची पशुवैद्यकाकडून प्रथम खात्री करून घ्यावी. कारण सोबतच्या प्रोस्टाग्लँडिन इंजेक्शनाने गाभण जनावर गाभ टाकू शकते. हे द्रव्य कातडीतूनही शरीरात जाते. म्हणून साधन हाताळताना हातमोजे घालावेत, गरोदर स्त्रीने त्यास स्पर्श करू नये. अशक्त म्हशीस आधी हिरवी वैरण, खुराक व क्षारमिश्रण द्यावे. उपासमारीवर हे औषध उपाय नव्हे.