उष्टं नेमकं कधी होतं? पदांगच्या जेवणघरापासून देवरीच्या ढाब्यापर्यंत

मागच्या वेळी आपण विषय आणि संशोधन-प्रश्न यांतला फरक बघितला. ‘महामार्गावरील खाद्यसंस्कृती : एक अभ्यास’ हा विषय झाला. असा सिनॉप्सिस घेऊन गेलात की गाईड विचारणारच, ‘बरं, पण शोधायचं काय?’ आज एकच उदाहरण घेऊ आणि विषयातून प्रश्न कसा निघतो ते बघू. जायचं आहे देवरीच्या ढाब्यावर, पण वाट इंडोनेशियातून घेऊ. जे रोज दिसतं त्यात काही विचारण्यासारखं आहे हे आपल्याला लवकर दिसतच नाही, म्हणून हा वळसा.

पदांग हे पश्चिम सुमात्राचं मुख्य शहर. इथला मिनांगकाबाउ समाज मातृवंशीय आहे, म्हणजे घर आणि वडिलोपार्जित जमीन आईकडून मुलीकडे जाते. तरुण पुरुषांनी गाव सोडून बाहेर कमवायला जायचं, अशी जुनी रीत आहे. तिला ‘मरान्ताउ’ म्हणतात. त्यामुळे पदांगी पद्धतीची साधी जेवणघरं आज इंडोनेशियाच्या जवळजवळ प्रत्येक शहरात सापडतात.

तिथल्या ‘हिदांग’ पद्धतीत मेनूकार्ड लागत नाही. तुम्ही बसलात की वाढपी हातावर बशांची चळत रचून येतो आणि न मागता दहा-पंधरा बश्या टेबलावर मांडतो. नारळाच्या दुधात तासन्तास आटवलेलं मांस म्हणजे रेंदांग, पातळ रश्शाचं गुलाई, मासा, अंडं, कसाव्याच्या पानांची भाजी, मिरचीचं साम्बाल, आणि सोबत भात. उजव्या हातानं जेवायचं. बोटं बुडवायला वाटीत पाणी ठेवलेलं असतं. शेवटी वाढपी टेबलावर नजर टाकतो आणि जे खाल्लं त्याचेच पैसे सांगतो. ज्या बशीला हात लागला नाही ती बिलात धरत नाहीत, ती परत आत जाते. (काचेमागची भांडी दाखवून एकाच ताटात वाढून घ्यायची पद्धतही आहे.)

आता खरं सांगा, ‘परत आत जाते’ हे वाचताना थोडं अडखळलात ना? दुसऱ्याच्या टेबलावरून फिरून आलेली बशी माझ्यासमोर? हे अडखळणं दाबून टाकू नका, वहीत तारीख घालून लिहा. संशोधकाची पहिली नोंद बऱ्याचदा स्वतःच्याच अस्वस्थतेची असते.

मग शब्दांकडे बघा. मराठीत ‘उरलेलं’, ‘शिळं’ आणि ‘उष्टं’ हे तीन वेगळे शब्द आहेत. उरलेली भाजी संध्याकाळी वाढता येते, शिळ्या भाकरीचा कुस्करा होतो, उष्टं मात्र सहसा दुसऱ्या पाहुण्याला वाढत नाहीत. पदांगची न शिवलेली बशी यातली कोणती? तिथल्या लोकांच्या लेखी ती आपल्या ‘उरलेलं’च्या जवळची दिसते, आपल्याला ती ‘उष्टं’कडे झुकलेली वाटते.

इथे घाईचं उत्तर तयार असतं : ‘आपल्याकडे सोवळंओवळं आहे, म्हणून हिदांग चालणार नाही.’ हे उत्तर खिशात ठेवा आणि ढाब्यावर चला.

देवरी म्हणजे नागपूर–रायपूर रस्त्यावरचं, छत्तीसगडच्या सीमेजवळचं तालुक्याचं गाव. जुना राष्ट्रीय महामार्ग 6, आताचा 53, इथून जातो आणि पाच-सहा राज्यांच्या पाट्यांचे ट्रक ढाब्यांपुढे थांबतात. आत बसा आणि जेवणाऱ्यांच्या ताटांऐवजी टेबलावर कायम काय राहतं ते बघा. लोणच्याची बरणी, मिठाची डबी, पाण्याचा जग. ही बरणी सकाळपासून किती जणांपुढून गेली असेल? तिला कोणी उष्टी म्हणत नाही, कारण मध्ये चमचा आहे. जगही चालतो, कारण बरेच जण ओठ न लावता वरून पाणी पितात. म्हणजे ‘दुसऱ्याच्या टेबलावर होतं’ एवढ्यानं काही उष्टं होत नाही. आपल्या लग्नाची पंगत आठवा. वाढणारा डाव पत्रावळीला लागू न देता वरून वाढतो आणि तेच भांडं शंभर जणांपुढून फिरतं. उष्ट्याची रेषा तिकडेही आहे आणि इकडेही. तिकडे ती बशीभोवती आहे, आपल्याकडे डाव आणि पत्रावळ यांच्या मधल्या चार बोटांच्या अंतरात.

तुमच्या पहिल्या उत्तराला इथे तडा गेला, आणि आता दुसरं उत्तर पुढे येतं. रेंदांग आटवलेलं असतं, ते टिकतं आणि कोमट असलं तरी चालतं. ढाब्यावर तंदुरी रोटी आणि तडका मारलेली डाळ गरमच हवी. बशीत मांडून ठेवली तर पाच मिनिटांत वाया. कदाचित सोवळ्याचा काही संबंधच नसेल, सगळा मामला पदार्थ गरम लागण्याचा असेल.

दोन उत्तरांमधून निवडायचं कसं? जिथे ती वेगवेगळं भाकीत करतील असं ठिकाण शोधायचं. हैदराबादच्या इराणी हॉटेलांत चहाबरोबर छोट्या समोशांची प्लेट न मागता ठेवायची आणि खाल्लेल्या नगांचेच पैसे घ्यायचे, ही ओळखीची रीत आहे. वाटतं, बघा, आपल्याकडेही हिदांग आहे, सोवळ्याचं उत्तर बाद! थांबा. उत्तर भारतातल्या एका खेड्यात कोण कोणाच्या हातचं खातं याचा हिशेब मांडणारा मॅकिम मॅरियट यांचा 1968 चा लेख वाचा. पाण्यात शिजलेलं ‘कच्चं’ आणि तुपात तळलेलं ‘पक्कं’ हा भेद तिथे भेटेल. पक्क्या अन्नाला विटाळाची भीती कमी. समोसा तर तळलेला! म्हणजे हे उदाहरण दोन्ही उत्तरांना सारखंच सोयीचं आहे आणि आपल्या काही कामाचं नाही. तुम्हाला वाफवलेला, कोरडा, मोजता येणारा पदार्थ पाहिजे. इडली चालेल का, विचार करा.

हा प्रश्न वरवर हलकाफुलका वाटतो, पण तसा नाही. संविधानाच्या कलम 15(2) मध्ये दुकानांबरोबर सार्वजनिक उपाहारगृहांचा उल्लेख नाव घेऊन केलेला आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून तिथे कोणालाही अडवता येणार नाही, हे लिहावं लागलं, कारण जेवणाच्या जागी माणसं अडवली जात होती. देवरी हा गोंड-हलबा वस्तीचा भाग, आणि महामार्गावरचा ढाबा चालतो तो जात माहीत नसलेल्या गिऱ्हाइकांवर. घरी पाळली जाणारी रेषा ढाब्यावर पुसली जाते की नुसती चमच्यात, वेगळ्या पेल्यात लपते? इथे प्रबंधाचा जीव आहे. सिनॉप्सिसमध्ये तो असा लिहिता येईल : ‘देवरी तालुक्यातील ढाब्यांवर टेबलावरून परतणाऱ्या अन्नापैकी कोणते पुन्हा वाढण्याजोगे मानले जाते आणि ते कोण ठरवतो?’

प्रश्न हातात आला म्हणून लगेच मालकाला विचारायला जाऊ नका. ‘उरलेलं परत वाढता का हो भाऊ?’ असं विचारलंत की तुम्ही अन्न-औषध खात्याचे ठरलात, पुढचं सगळं बंद. आधी दोन-चार वेळा जेवून या, ओळख होऊ द्या, आपण कोण आणि कशासाठी आलो ते स्पष्ट सांगून परवानगी घ्या. भांडी घासणाऱ्या बाईंशी बोला. काय परत येतं हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. पण मालकासमोर नको, त्यांची रोजी तिथे आहे.

आणि नावं. क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी 1950 च्या दशकात पूर्व जावातल्या पारे गावी काम केलं आणि पुस्तकांत त्याला ‘मोजोकुतो’ म्हटलं. तरी खरं गाव आज सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही ढाब्याचं नाव बदललं, पण ‘सीमेकडून दुसरा, बाई चालवतात तो’ असं लिहिलं, तर देवरीतलं शाळकरी पोरगंही बोट दाखवेल. म्हणून तीन-चार ढाब्यांच्या नोंदी एकत्र करून लिहा, आणि कच्ची वही कुलपात ठेवा.